अमोनियम राहून गेलं

(आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण)



संयोजकांनी मला 'विज्ञान शाखा आणि करिअर' यावर बोलायला सांगितलंय. कारण इतकंच, की डॉक्टर-इंजिनियर व्हायचं हुकलं तरी रसायनशास्त्रावरच पोट भरणारा आपल्या वर्गात मी एकटा.

बारावीला मार्क कमी पडले आणि मी इथल्याच गंगापूर रोडवर केटीएचएमला बी.एस्सी.ला गेलो. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा आनंदवलीच्या पुढे मळे आणि द्राक्षबागा सुरू व्हायच्या. प्रॅक्टिकल लवकर सुटलं की सायकली काढून आम्ही सोमेश्वरला.

लेक्चरं फारशी आठवत नाहीत, प्रयोगशाळा आठवते. किपच्या उपकरणातल्या वायूचा सडक्या अंड्यांचा वास शर्टाबरोबर घरी यायचा. सर मिश्रण द्यायचे, त्यातले रॅडिकल ओळखायचे. एकदा मी सगळे ग्रुप शिस्तीत काढले, जर्नल सुबक लिहिलं. सरांनी विचारलं, "अमोनियम पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. त्याची कसोटी मूळ मिश्रणावर आधीच, वेगळी घ्यायची असते: कॉस्टिक सोडा घालून तापवायचं आणि वास घ्यायचा. नंतर उपयोग नाही, कारण पुढच्या ग्रुपसाठी आपणच त्यात अमोनियम क्लोराइड ओतलेलं असतं. सर म्हणाले, "नाही सापडलं असं लिहू नकोस. पाहिलं नाही असं लिही." मला तेव्हा ते खवचट वाटलं.

पुढे एम.एस्सी., मग सातपूरला नोकरी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नंतर निर्यातीची द्राक्षं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आलो.

२०१० च्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली, हे या हॉलमध्ये कुणाला सांगायला नको. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागाईतदारांच्या भाषेत सीसीसी. वेलीची फाजील वाढ रोखायला ते वापरायचे. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षांत फक्त ५० मिलिग्रॅम. तपासायच्या यादीत ते नव्हतंच. शिवाय आमच्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागतही नाही. आम्ही अर्क काढायचो इथाइल ॲसिटेटमध्ये आणि हे पडलं पाण्यात विरघळणारं. त्याची तपासणी वेगळीच करावी लागते. रसायनाच्या कुळानं तेही अमोनियमच, बरं का.

आपल्याच वर्गातल्या एकाचा कंटेनर त्यात अडकला. रिपोर्टवर सही माझी होती. दिंडोरीहून मोटारसायकलवर आला, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तू तर क्लीन म्हणून दिलं होतंस ना रे?" मी त्याला यादी दाखवली. नियमानं मी बरोबर होतो. तो यादीकडे न बघताच निघून गेला. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. यादीबाहेरचं आम्ही काहीच पाहत नाही, हे एक वाक्य मी त्याला आधी सांगू शकलो असतो. मला ते माहीत होतं, त्याला नव्हतं. माझी सही बघून तो निर्धास्त राहिला.

आता सल्ला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मुलांसाठी फोन येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना सांगतो. बी.एस्सी. म्हणजे कुठेच नंबर लागला नाही म्हणून, असं मुलांसमोर बोलू नका. ते ऐकून मुलं तीन वर्षं ढकलतात. कॉलेजची इमारत बघू नका, एका ब्युरेटवर किती मुलं असतात ते विचारा. सुरुवातीला पगार कमीच असतो. माझा पहिला पगार वडिलांनी दोनदा मोजला, काही चुकलंय का म्हणून! संख्याशास्त्र टाळू देऊ नका. मी टाळलं आणि चाळिशीत मुलाच्या पुस्तकातून शिकलो. एचपीएलसीसारखी यंत्रं चालवायला महिना-दोन महिने पुरतात. आलेला आलेख खोटा आहे हे ओळखायला मला पाच वर्षं लागली, आणि अजूनही कधी कधी सहकाऱ्याला बोलावून विचारतो.

आमचे ते सर आता नाहीत. भेटले असते तर जर्नलचं ते पान दाखवलं असतं. मी ते ठेवलंय.

आणि तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसलाय. गेल्या वर्षी माल काढायच्या आधी त्याचाच फोन आला होता, "यादीत काय काय आहे, वाचून दाखव." अर्धा तास वाचून दाखवलं. आज त्यानं सगळ्यांसाठी द्राक्षाच्या पेट्या आणल्यात, गेटजवळ ठेवल्यात. सीसीसी तपासलेलं आहे. जाताना घेऊन जा.