बी.ए.चे गुण किती?

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या माणसानं कूलरसमोर बसावं, दुसरं काही करू नये. अशाच एका दुपारी माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र आमच्या बैठकीत टेबलाभोवती बसले होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. चार कागद, पेन्सिली आणि दहा पैलूंचे फासे.

हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. माणसाला काय येतं, किती येतं, ते कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तिथून हे सुरू झालं. त्यात बुद्धीला आकडा होता, शिक्षणाला नव्हता. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये बुद्धी वेगळी आणि शिक्षण वेगळं झालं. कुणाला तरी कॉलेजात जाऊन आल्यावर हा फरक कळला असावा!

ही मुलं खेळत होती तो ‘कॉल ऑफ कथुलू’. त्याच्या गोष्टी बहुधा १९२०च्या दशकात घडतात. मुलांनी १९२५चं नागपूर घेतलं होतं. नागपूर विद्यापीठ १९२३चं; त्याआधी हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजची मुलं अलाहाबाद विद्यापीठाची पदवी घेत. म्हणजे गोष्टीत विद्यापीठ अगदी कोरं करकरीत.

“मामू, तुम्ही पण या. तुम्ही बी.ए. ना? मग शिक्षण सत्तर.”

तीन वर्षं मराठी साहित्य घेतलं, रात्री जागलो, आणि भाच्यानं अर्ध्या मिनिटात सत्तर लिहून टाकले. २०१४च्या सातव्या आवृत्तीत तसं कोष्टकच आहे. शाळा पूर्ण केली की साठ, पदवीला सत्तर, डॉक्टरेटला नव्वद. पण पदवी म्हणजे कौशल्य नव्हे, हे त्या खेळाला पक्कं ठाऊक आहे. शिक्षणाच्या आकड्यावरून गुणांची थैली मिळते. ती ग्रंथालयात शोध घेण्यावर खर्चायची की इतिहासावर की हिशेबावर, ते आपण ठरवायचं. कारागिराची थैली भरताना तर हाताचं चापल्यही धरतात. मला हे फार आवडलं. माझी थैली मी खऱ्या आयुष्यात कवितेवर उधळली, हिशेबाला काही उरलं नाही.

मी म्हणालो, “मी नको. तुझ्या नानाला घेऊ या.”

माझे अब्बा मोमिनपुऱ्यात हातमागावर बसत. शाळेचं तोंड पाहिलं नाही. काठाच्या नक्षीला ताण्याचे किती धागे लागतील ते तोंडी सांगत. उर्दू मोहल्ल्यातच शिकले, हॉटेलात बसून पेपर मोठ्यानं वाचत, चारजण ऐकत.

मी नवा नवा बी.ए. झालो होतो तेव्हा एका कार्यालयातला अर्ज भरत होतो. ‘वडिलांचे शिक्षण’ असा रकाना होता. मी लिहिलं, निरक्षर. देवनागरी त्यांना येत नसे. “क्या लिखा?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, विणकर लिहिलंय. ते खूश झाले. कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणाऱ्याला जनगणनेतही साक्षर म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर अब्बा गेले होते.

हल्ली सरकारनंही शिक्षणाला आकडे दिलेत. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तीन वर्षांची पदवी साडेपाचव्या पातळीवर बसते, तीस तासांचा एक श्रेयांक, आणि अनुभवालाही श्रेयांक मिळू शकतात. मी मनातल्या मनात अब्बांचा हिशेब केला. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला शंभर श्रेयांक. बी.ए.ला तीन वर्षांत एकशेवीस. नियमांत असा सरळ गुणाकार बसत नाही, मला ठाऊक आहे. पण केला.

“नाना शाळेत गेलेच नाहीत,” भाचा म्हणाला, “मग चाळीस?” फाशांनी काढलं तर त्याहून कमी पडतच नाही. मग त्यानं पुस्तक उघडलं. शिक्षणाचा आकडा मोठा असलेला माणूस शाळेत गेलेलाच असेल असं नाही, स्वतः शिकलेलाही असू शकतो, असं तिथे छापलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ऐंशी लिहिले. माझ्यापेक्षा दहा जास्त. विणकाम पाचपासून सुरू होतं. थैलीतले पंच्याहत्तर घालून तेही ऐंशी केलं.

गोष्टीत इतवारीतला एक व्यापारी लुगडं दाखवत होता. काठ नागपूरचाच विणलेला की बाहेरचा, ते अब्बांनी ओळखायचं. ऐंशी किंवा कमी पडायला हवं. मी फासे टाकले. ब्याऐंशी.

मुलं हळहळली. भाचा म्हणाला, “पुन्हा टाकता येतात मामू, एकदाच. पण या वेळी नाना वेगळं काय करणार ते सांगावं लागतं.”

मी म्हणालो, “डोळे मिटून काठावर बोट फिरवतील.”

“टाका,” तो म्हणाला.