सर्वांचें आजोळ एकच

कोणी मुखांतून जन्मला, कोणी पायांतून, असें आपणांस सांगत आले. आतां बाळंतिणीच्या वारेची साक्ष ऐका. सन १९८७ मध्यें अमेरिकेंतील रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग व अ‍ॅलन विल्सन यांनीं नाना वंशांच्या १४७ जणांची, केवळ आईकडून लेकरास येणारी आनुवंशिक खूण बहुतेक अशा वारेंतूनच तपासली. सर्वांची मातृशाखा सुमारें २ लक्ष वर्षांपूर्वींच्या आफ्रिकेंतील एका स्त्रीशीं मिळाली. खुणांतील भेद आफ्रिकेच्या लोकांतच सर्वांत जास्त निघाले. कां? भरल्या कणगींतून मूठभर बियाणें परगांवीं नेलें, तर सारे वाण जात नाहींत. ते कणगींतच सांपडतात. तसे आफ्रिकेंतून थोडे लोक बाहेर पडले. आपण त्यांचींच लेकरें. आजोळ एक, मग जन्मानें उंच कोण? सोंवळें सांगणारास हें विचारा.