यंत्रांतलें यंत्र आणि बिघडलेलें चित्र



सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल ज्याला ठाऊक नाहींत, असें मराठी घर विरळाच. दोहोंनाही भौगोलिक मानांकन लाभलें आहे. अक्कलकोट रोडवरील एमआयडीसींत यंत्रमागांचा खडखडाट चालतो, त्याच्या मुळाशीं नक्षी आखण्याचें शांत काम असतें. फ्रान्समध्यें जॅकार्डनें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या मागाला नक्षी समजे ती छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. आतां ती संगणकाच्या पडद्यावर रंगविली जाते.

अडचण येते ती येथेंच. नक्षीचा एखादा जुना प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. आणि त्या प्रणालीची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली. अशा वेळीं व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरनें नव्या संगणकाच्या पोटांत व्हर्च्युअल मशीन उभें करितात. वाड्याच्या मालकानें एका खोलींत जुना भाडेकरू ठेवावा, तसें. मग एके दिवशीं त्या मशीनचा पडदा काळा होतो, चित्र थरथरतें, किंवा सारें लहानशा चौकटींत आकसून बसतें. वर्षानुवर्षांच्या नक्ष्या गेल्या, या धास्तीनें कोणी सगळेंच पुसून नव्यानें घालूं पाहतो. हा घात टाळावा. चित्र दिसेनासें झालें, तरी नक्षीच्या फाइली डिस्कवर बहुधा सुरक्षित असतात.

प्रथम दोष मालकाचा कीं भाडेकरूचा, हें ठरवावें. मशीनच्या खिडकीबाहेरही चित्र थरथरत असेल, तर केबल, मॉनिटर आणि मूळ संगणकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा. बाहेर सर्व ठीक असेल, तर दोष आंत. मग मशीन पुरतें बंद करावें. नुसतें निजविलेलें असतां ग्राफिक्सच्या सेटिंगला हात लावतां येत नाहीं. नंतर त्याच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

पुढें एका वेळीं एकच बदल करून परिणाम पाहावा. पहिला बदल व्हिडिओ मेमरीचा. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यास, दर ठिपक्याला ४ बाइट धरल्यास, सुमारें ८ मेगाबाइट लागतात; दोन पडद्यांना दुप्पट. ही मेमरी तोकडी असल्यास १२८ पर्यंत वाढवावी. दुसरा बदल थ्री-डी अ‍ॅक्सिलरेशनचा. टॉवेलची नक्षी सपाट. तिला या सोयीची गरज नसते. ती बंद करतांच काळा पडदा उजळल्याचें पुष्कळदां आढळतें. तिसरा ग्राफिक्स कंट्रोलरचा. एक्सपीस व्हीबॉक्सव्हीजीए, विंडोज ७ व तिच्यापुढील आवृत्त्यांस व्हीबॉक्सएसव्हीजीए आणि लिनक्सला व्हीएमएसव्हीजीए, अशी जोडी जुळवावी. शेवटीं आंतल्या प्रणालींत गेस्ट अ‍ॅडिशन्स हा ड्रायव्हर-संच घालावा. त्यावांचून चित्र खिडकीच्या मापानें वाढत नाहीं. तो घातल्यावरच बिघाड सुरू झाला, तर सेफ मोडमध्यें शिरून काढून टाकावा.

रंगांकडेही लक्ष असावें. रंगांचें प्रमाण ३२ बिटांवरून १६ वर उतरलें, तर जवळच्या दोन छटा पडद्यावर एकच दिसूं शकतात. आणि चूक कळते ती कापड मागावरून उतरल्यावर. तसेंच, डागडुजी थांबलेल्या एक्सपीला इंटरनेटपासून दूरच ठेवावें.

मागावर धागा तुटला, म्हणून विणकर सारा ताणा कापून टाकीत नाहीं. तो माग थांबवितो, तुटलेलें टोक शोधतो, गांठ मारतो आणि पुन्हां माग सुरू करितो. संगणकापुढें बसणारानेंही तोच धीर धरावा.