पळसाचा रंग, हिरड्याची गाठ



माघ सरत आला की राजूरच्या डांगाणात पळस फुलतो. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुले. शिमगा जवळ आल्याची ती वर्दीच! ही फुले रात्रभर भिजवून उकळावीत आणि त्या पाण्याने सणाचे कपडे रंगवावेत, ही रीत महाराष्ट्रापासून व्रजभूमीपर्यंत जुनी आहे.

परंतु एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पळसाचा रंग कच्चा आहे. दोन-चार धुण्यांत आणि उन्हात तो फिका पडतो. जे जे नैसर्गिक ते ते पक्के, ही समजूत भाबडी आहे. सुती धागा वनस्पतींचा बहुतेक रंग सहजासहजी धरीत नाही. त्यासाठी मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ याच डोंगरांत पिकतो. त्याचे नाव हिरडा!

एक किलो धुतलेल्या कापडास सुमारे २०० ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून लावावी, वाळवावे, मग १५० ग्रॅम तुरटीच्या पाण्यातून काढावे आणि त्यानंतरच रंगात उकळावे. हिरड्यातील तुरट द्रव्य धाग्याला धरते, तुरटी त्या द्रव्याला, आणि रंग तुरटीला. या गाठीने पळसही थोडा अधिक तग धरतो. मंजिष्ठेचा तांबडा तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा जो तुकडा सापडला, तो मंजिष्ठेनेच रंगविलेला होता. तुरटीऐवजी हिराकस घेतला तर हिरडा काळा रंग देतो. आपल्या पूर्वजांची शाईही अशीच होत असे.

१८५६ मध्ये लंडनच्या पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि १८६८ मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठावर्गातील मुळांचे रंगद्रव्य प्रयोगशाळेत घडविले. पुढे पुडीतला रंग खेड्यापाड्यांत आला. तो स्वस्त होता, झटपट होता. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खंत वेगळीच आहे. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे चैत्र-वैशाखाच्या उन्हात कोवळा बाळहिरडा झोडतात, वाळवितात आणि वजनावर विकतात. पोते घाट उतरले की त्याचे पुढे काय होते, हे गोळा करणाऱ्याच्या कानी येत नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. पण हक्क मिळाला म्हणून कसब हाती येत नाही. रंगासाठी तर बाळहिरडा नव्हे, हिवाळ्यात पक्व होणारे मोठे फळ लागते. ते शिमग्यापूर्वीच हाती येते.

अर्थात जंगलातील प्रत्येक रंग घेण्याजोगा नाही. ऐनाची साल रंग देते, पण खोडाभोवतीची साल सोलली की झाड वाळते. पळसाची फुले मात्र आपणहून गळतात. पहाटे झाडाखाली फडके अंथरावे आणि गळालेली तेवढीच वेचावीत. फांदीवरच्या फुलांना शेंगा धरू द्याव्यात.