रिपोर्ट तिच्या हातात द्या

(नवापूर येथील महिला आरोग्य मेळाव्यातील भाषण)



माझा स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत पसरला आहे. डॉक्टर याला चौथी स्टेज म्हणतात. तो पूर्ण बरा होणार नाही, पण उपचार चालू आहेत आणि मी तुमच्यासमोर उभी आहे. हे आधीच सांगते, कारण आपल्याकडे चौथी स्टेज म्हटले की लोक पेशंटला घरी न्यायच्याच गोष्टी करतात.

हाडात गेला म्हणून तो हाडाचा कॅन्सर होत नाही. पेशी स्तनाच्याच असतात, औषधेही त्याचीच लागतात. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर अनेक जणींचा आजार गोळ्यांवर काही काळ, कधी काही वर्षे, आटोक्यात राहतो.

मी तालुक्यातल्या बायकांबरोबर दवाखान्यात जाते. फाइल बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात असते. मुलगा हळूच म्हणतो, "अम्मीला सांगू नका, खचून जाईल." पण अम्मीचे केस गळत असतात, घरात कुजबुज चालू असते. तिला कळलेले असते. फक्त विचारायला कोणी नसते.

मग निर्णय दुसरेच घेतात. "स्तन काढूनच टाका," असा आग्रह होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३५० स्त्रियांवर याचाच अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळीच आजार दूरवर पसरलेला असेल तर स्तन काढून आयुष्य वाढत नाही, असे त्यात दिसले. जखम किंवा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ऑपरेशन नको म्हणणारे डॉक्टर आपल्याला सोडून देत नसतात. हे त्या बाईला माहीत हवे. शरीर तिचे आहे.

२०२२ मध्ये केरळच्या एका बाईने हायकोर्टात अर्ज केला. तिला लागणारी रिबोसिक्लिब ही पेटंटची गोळी महिन्याला ५०,००० रुपयांहून महाग होती. इतर कंपन्यांना ती स्वस्तात बनवू द्या, ही तिची मागणी. प्रकरण चालू असतानाच ती वारली, पण कोर्टाने विषय स्वतःहून पुढे चालू ठेवला. तिच्यापासून आजार लपवला असता तर हा अर्ज झालाच नसता.

आता आपल्या कामाचे. आपले स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. सुरत जवळ, मुंबई लांब. सुरतेला जाण्याआधी आपले योजनेचे कार्ड त्या रुग्णालयात चालते का, ते विचारून घ्या. रेल्वेत उपचारासाठी जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, ते मागून घ्या. दुखणे सहन करत बसू नका. मॉर्फिनची गोळी शेवटच्या दिवसांसाठीच असते, हा गैरसमज आहे. रमजानमध्ये औषध सोडू नका. आजारी माणसाला रोज्याची सूट आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला स्वतःहून सांगावे.

जमातीकडे आणि मंडळांकडे माझे एकच मागणे आहे. वर्गणी तुम्ही काढताच. त्याबरोबर प्रत्येक मोहल्ल्यातून, पाड्यातून एक शिकलेली मुलगी द्या. ती पेशंटसोबत जाईल, रिपोर्ट वाचेल आणि उर्दूत, गुजरातीत, मावचीत, जी तिची भाषा असेल तिच्यात समजावून सांगेल. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी आजच द्यावे. मी वही आणली आहे.