देवनार : सलोख्याची जुनी शिदोरी



देवनार म्हटले की कचराभूमी आणि पशुवधगृह एवढेच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु मुंबईच्या पूर्व उपनगरांतील हे मूळचे एक जुने गाव होय. भिन्न धर्मांच्या लोकांनी एकत्र कसे नांदावे, याचा दीर्घ अनुभव या परिसराच्या गाठीशी आहे.

साष्टी आणि लगतचा हा प्रदेश सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला, 1739 पर्यंत मराठ्यांनी तो जिंकला आणि पुढे तो इंग्रजांच्या ताब्यात आला. राज्ये बदलली, काहींचा धर्म बदलला. शेत आणि खाडी मात्र तीच राहिली. येथील स्थानिक ख्रिस्ती समाजाने 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, तरी त्यांची बोली मराठीच राहिली. त्यांच्या लग्नातील ‘उंबराचे पाणी’ किंवा नव्या भाताच्या लोंब्यांचा ‘आगेरा’ हा सण शेजारच्या आगरी-कोळी घरांना कधीच परका वाटला नाही.

स्वातंत्र्यानंतर या सहजीवनाचे रूप बदलले. 1954 मध्ये देवनारला आलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्यापूर्वीच, फाळणीनंतर, कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत आपले पथक धाडले होते. 1971 मध्ये महानगरपालिकेचे पशुवधगृह सुरू झाले. बकरी ईदच्या सुमारास तेथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून पशुपालक येतात. एकाच्या सणावर दुसऱ्याच्या घरची चूल अवलंबून असते, हे त्या बाजारात उघड दिसते.

तथापि केवळ शेजार आणि व्यवहार यांनी सलोखा टिकतोच असे नाही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मधील दंगलींत मुंबईत 900 माणसे मृत्युमुखी पडली. श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये सादर केलेल्या अहवालात देवनार पोलीस ठाण्याच्या हद्दीतील घटनांचीही नोंद आहे. अनेक वर्षे शेजारी राहिलेली माणसे एकमेकांना पारखी झाली.

त्याच वेळी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शांत राहिली. 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली सोसलेले हे गाव. तेथे 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांचे नागरिक आणि त्या भागातील पोलीस नियमित एकत्र बसत, बारीकसारीक तंटे तेथेच मिटवत. अफवा आली तेव्हा तिची शहानिशा कोणाकडे करावयाची, हे लोकांना ठाऊक होते. मुंबईने हा धडा उशिरा, पण मनापासून घेतला. 1994 मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने येथेही मोहल्ला समित्यांचे कार्य सुरू झाले.

यातून निघणारा बोध साधा आहे. सलोखा हा वारसा खरा. पण विहिरीचा गाळ जसा दरसाल उपसावा लागतो, तशी त्याचीही निगा राखावी लागते. शासनाने 2007 मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागेही हाच विचार होता. दंगल पेटल्यावर नेमलेली शांतता समिती जखमांवर पट्टी बांधू शकते. घाव टाळते ती शांततेच्या दिवसांत भरणारी बैठक. ही बैठक भरविण्याचे काम सरपंचांचे, शिक्षकांचे आणि अधिकाऱ्यांचे आहे, आणि त्याला सण किंवा संकट यांची वाट पाहण्याचे कारण नाही.