झोक्याची कडी

(नागपंचमीच्या आधी मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा चिटणीसबाईंना वाटले असेल, की मी दिंडांची कृती सांगेन, नाही तर पंचमीच्या कहाणीवर बोलेन. मी विषय कळवला, ‘परसातला झोका आणि त्याचे लोखंडी सामान’. त्यांनी दोनदा विचारून घेतले. पण झोक्यावर बसायचे आपण आणि आपल्या लेकीसुनांनी, आणि तो कशाला टांगला आहे ते पाहायचे घरातल्या पुरुषमाणसांनी, ही वाटणी मला अलीकडे पटत नाही. का पटत नाही, तेच आज सांगणार आहे.

माझे माहेर पाथर्डीकडचे. माझ्या लहानपणी पंचमी जवळ आली, की वडील मोटेचा जाड नाडा घेत आणि लिंबाच्या फांदीवर गोणपाटाची घडी ठेवून तिच्यावरून तो टाकीत. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असत. दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका असा चढवीत, की खाली उभ्या असलेल्या आम्हां मुलींच्या छातीत धस्स होई. आपल्याकडे ही हौस फार जुनी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात इरंदती नावाची नागकन्या झोका घेताना रंगवलेली आहे. सकाळी नागोबाची पूजा करून दुपारी झोक्याकडे धावणाऱ्या आपणांस ती घरचीच वाटावी.

पंचमी सरली, की वडील दोर उतरवून ठेवीत. झोका चार-आठ दिवसांचा, म्हणून लोखंडाची गरजच पडत नसे. आता आपण परसात बारा महिने झोका ठेवतो. तो ऊन खातो, पाऊस खातो. इथेच कडी, बोल्ट आणि साखळीचा प्रश्न येतो.

२०१६ साली मी आमच्या परसातल्या लिंबाला झोका बांधून घेतला. पाट सागवानी, साखळी नवी. साखळी वरच्या कडीत अडकवायला मी स्वतः बाजारातून दोन आकडे आणले, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे. घालायला सोपे, काढायला सोपे, दिसायला चकचकीत आणि स्वस्त. पंचमीच्या दिवशी माझी नऊ वर्षांची पुतणी आणि तिची मैत्रीण मिळून झोका घेत होत्या. झोका चांगला चढलेला असताना एका बाजूची साखळी सुटली. मैत्रीण मऊ मातीत पडली, पुतणीचा हात फरशीवर आपटला. मनगट मोडले. दीड महिना प्लॅस्टर होते.

साखळी तुटली असेल असे सगळ्यांना वाटले. साखळी शाबूत होती. आकड्याचे तोंड उघडून तो जवळजवळ सरळ झाला होता. तो मी उचलून पदराखाली लपवला. आकडे माझ्या पसंतीचे होते हे जाऊबाईंना सांगायला मला आठ दिवस लागले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुतणी त्यानंतर झोक्यावर बसली नाही. पुढच्या वर्षी मंडळाच्या परसातला झोकाही माझ्याच सांगण्यावरून उतरवला गेला, हे आपणांस आठवत असेल.

आमच्या आळीत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. आकडा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, झोक्यावर किती वजन धरलं होतं?” मी म्हटले, दोन मुली, पन्नास किलो. ते म्हणाले, “ते झोका उभा असताना. चढल्यावर किती?”

हे आपण लक्षात घेत नाही. झोका खाली येतो तेव्हा शरीराला वेग असतो, आणि तो वेग वळवून पुन्हा वर न्यायचे काम साखळीला करावे लागते. म्हणून सर्वांत जास्त ताण येतो तो झोका अगदी खाली असताना. साखळी उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत वर जाऊन आली, तर खाली येताना वजनाच्या दुप्पट ताण पडतो. ती जमिनीला समांतर होईपर्यंत झोका चढला, तर तिप्पट. साठ किलोची एक बाई त्या घटकेला एकशेऐंशी किलोंची होते, आणि दोघी उभ्या राहिल्या तर हिशेब तुम्हीच करा. आकड्यांवर, कड्यांवर, नटांवर मिळून हे ओझे दर खेपेस येते आणि जाते. उघड्या तोंडाचा आकडा असा हेलकावा सोसता सोसता थोडा थोडा उघडत जातो.

म्हणून पहिला नियम असा, की झोक्याच्या वाटेत कुठेही उघडे तोंड नसावे. आकड्याऐवजी शॅकल घ्यावे. नालासारखा वाकवलेला जाड लोखंडी तुकडा आणि त्याचे तोंड बंद करणारी आट्यांची पिन, असे ते असते. पिन घट्ट पिळून तारेने बांधून टाकावी. साखळीची प्रत्येक कडी वेल्डिंगने जोडलेली पाहून घ्यावी. नुसती वाकवून टोके जवळ आणलेली साखळी झोक्याला घेऊ नये. मी आठ मिलिमीटर जाडीची, जस्ताचा मुलामा दिलेली साखळी घेतली.

दुसरी गोष्ट फांदीची. लाकडात पिळून बसवायचा हुक झोक्याला चालत नाही. पुढेमागे हिसके बसून आणि पावसाळ्यात लाकूड फुगून, उन्हाळ्यात आटून त्याचे आटे ढिले होतात. फांदीला आरपार भोक पाडून डोळ्याचा बोल्ट, म्हणजे आय-बोल्ट, घालावा. बारा मिलिमीटरपेक्षा बारीक नको. डोळा खाली, आणि वर मोठी चकती घालून एकावर एक दोन नट. डोळ्याचे तोंड असे वळवावे, की कडी त्यात झोक्याच्याच दिशेने फिरेल. आडवे बसवले, तर कडी घासते आणि बोल्ट हळूहळू फिरतो.

झाडाला भोक पाडायला आपला जीव होत नाही. पण कायमचा दोर किंवा साखळी फांदीभोवती आवळून ठेवली, तर फांदी जाड होताना तिची साल कापली जाते, रस थांबतो आणि पुढची फांदी वाळते. एका भोकाची जखम झाड भरून काढते. चार दिवसांचा दोर असेल, तर वडिलांसारखे गोणपाट घालावे आणि पंचमी झाली की काढावा. फांदी जिवंत, निदान आठ इंच जाडीची हवी. झोका खोडापासून तीन ते पाच फुटांवर टांगावा. शेवगा आणि गुलमोहोर यांची लाकडे ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नये. लिंब, चिंच, वड बरे.

जुन्या वाड्यात तुळईला टांगायचे असेल, तर आधी वाळवी पाहावी आणि बोल्ट तसाच आरपार घ्यावा. नवीन घर बांधत असाल, तर स्लॅब ओतण्याआधीच सळईच्या जाळीवरून टोके घेऊन कड्या बसवून घ्याव्यात. तयार स्लॅबला खालून भोक पाडून बोल्ट ठोकणे मात्र इंजिनिअरला विचारल्याखेरीज करू नये.

दोराविषयी दोनच शब्द. काथ्याचा दोर पावसाने कुजतो, प्लास्टिकचा उन्हाने कच्चा होतो. गाठ मारली की दोराची ताकद पुष्कळ कमी होते, काही गाठींनी तर जवळजवळ निम्मी. फाशात थिंबल नावाची लोखंडी खोबण बसवली, तर दोर कडीवर घासत नाही.

खालच्या जमिनीकडेही पाहा. पुतणीचे मनगट आकड्याने मोडले, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे काम फरशीने केले. झोक्याखाली माती किंवा वाळू असावी. फांदीच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी ठेवावी. नवा झोका वापरण्याआधी तीन माणसांच्या वजनाची मुरमाची पोती जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर टांगून ठेवावीत. सकाळी सर्व जोड पाहावेत.

हे सगळे पंचमीच्या आधी करायचे. त्या दिवशी आपण काही चिरीत नाही, कापीत नाही, खणीत नाही. गिरमिट चालवायला सवड आधीच काढली पाहिजे. मग दर वर्षी आषाढात पुन्हा तपासावे. कडी जिथे कडीवर टेकते तिथे झीज होते. माझी आठ मिलिमीटरची कडी त्या जागी सातवर आली, की मी बदलते. पाना आता माझ्याच फडताळात असतो.

यंदा पुतणी अठरा वर्षांची झाली. परवा तिने विचारले, “काकू, या पंचमीला झोका बांधायचा का?” मी तिला शिडीवर चढवले. वरचे दोन्ही नट तिनेच आवळले. पोती उतरवल्यावर पहिला झोका घेतला जाऊबाईंनी, दुसरा तिने.

मंडळाच्या परसातला लिंब अजून तसाच उभा आहे. माझी सूचना आहे, की तिथला झोका यंदा पुन्हा बांधावा, सामान मी सांगितले तसे घ्यावे, आणि दर आषाढात ते तपासण्यासाठी दोघींची नावे वहीत लिहावीत. पहिले नाव माझे लिहावे. दुसरे कुणाचे, ते आपण हात वर करून सांगावे.